वाळूचा डबा

मु. वरोर, ता. डहाणू
फाल्गुन शुद्ध पंचमी

प्रिय देवकी,

हे पत्र घेऊन चंदर तुझ्या दारात उभा असेल. त्याला तांब्याभर पाणी दे, बस म्हण, पण बोलू देऊ नको. पत्र शेवटपर्यंत वाचून होईस्तोवर एक शब्द काढायचा नाही, असं मी त्याला बजावून पाठवलंय. तसा तो मुळात बोलतोच कुठे म्हणा! बापावर गेलाय. पाकीट मी भाताच्या शितांनी चिकटवलंय. फोडलेलं दिसलं तर मला कळव, इथे आला की बघते त्याच्याकडे.

हे अक्षर माझंच आहे गो. हसू नको. शाळामास्तरांकडून लिहून घेता आलं असतं, पण हे त्यांना सांगायचं म्हणजे आधी त्यांच्यासमोर खाली मान घालायची, आणि मग तुझ्यासमोर घालायला मान उरायची नाही. तू चुलीपुढच्या राखेत बोटाने ‘क’ काढून दाखवलास तेव्हा मी म्हणाले होते, पन्नाशीला आलेल्या बाईला हे कशाला, ‘क’ शिकून काय कोळंबी जास्त भावाने विकली जाणार आहे का? आता चार दिवस झाले, रोज दुपारी मासळी विकून आले की बसते आणि पान-अर्धं पान लिहिते. ‘प्रिय’मधला तो प्र मला तीनदा खोडावा लागला. पण पत्राची सुरुवात तशीच करायची असं तू सांगितलं होतंस, म्हणून लिहिलाच.

तुझा हात कसा आहे? डहाणूच्या दवाखान्यातल्या बाईंनी दिलेलं मलम लावतेस ना? चंदर सांगत होता की त्याला तलासरीच्या बाजारात तुमच्या गावचा कुणी भेटला, तो म्हणाला कोपरापर्यंतची कातडी सुकलीय आणि बोटं मिटतात. ते ऐकलं आणि मी टोपली खाली ठेवून रस्त्याच्या कडेलाच बसले. किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. रोज सकाळी उठले की पहिला विचार त्या हाताचाच येत होता. उजवा हात. त्याच हाताने तू मला अक्षरं शिकवलीस.

तुझ्या वडिलांचं म्हणणं मी विसरलेली नाही. नारूव्याही तुला न्यायला आले तेव्हा ओट्यावर चढलेसुद्धा नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, माझ्या पोरीने घर जाळलं असं तुम्ही चारचौघांत सांगितलंत, ज्या तोंडाने तिच्यावर आळ घेतलात त्याच तोंडाने, त्याच चारचौघांत तो मागे घ्या, नाहीतर देवकी वरोरचं तोंड बघणार नाही. माणूस सुकट विकतो, पण बोलला मात्र न्यायाधीशासारखा. मला राग आला. खोटं कशाला सांगू, फार राग आला. आणि राग का आला हे मला तेव्हाही ठाऊक होतं. खाई त्याला खवखवे.

तुझ्या वडिलांनी दिवाळसणाला तो पितळी स्टोव्ह दिला, तिथूनच माझं डोकं फिरलं होतं बघ. आळीतल्या बायका बघायला आल्या, जशी काही नवी नवरीच आलीय. तू काकडा पेटवलास, पंप मारलास, आणि तो जो भुस्सकन निळा पेटला, तशी शेजारची नवशी दोन पावलं मागे सरकली. आणि मी म्हणाले, आग ती आग, तिला पंप कशाला मारायचा? चुलीला कुणी कधी पंप मारलाय का? मग तुझी शिकवणी सुरू झाली. आई, घासलेट गळ्यापर्यंत भरायचं नाही, पाऊण टाकीच भरायची. आई, पेटता असताना झाकणाला हात लावायचा नाही. आधी चावी सैल करायची, हवा सोडायची, विझला की निवू द्यायचा, मगच भरायचं. आई, घासलेटची बाटली स्टोव्हजवळ ठेवायची नाही. आई, पदर खोचा. आई, पंप जास्त मारू नका. आई, भिंतीवरचं जाळं तिथून काढा, नायलॉनचं आहे, पेट घेईल. दिवसभर तुझं आपलं आई हे नका, आई ते नका. मी नवशीला म्हणायचे, सून आणली की मास्तरीण आणली कळत नाही.

आणि तो वाळूचा डबा! तो आठवला की मला अजून हसूही येतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही होतं. तू कुठूनसा वनस्पती तुपाचा रिकामा डबा आणलास, सुकी वाळू भरलीस आणि स्टोव्हशेजारी ठेवलास. म्हणालीस, घासलेटची आग पाण्याने विझत नाही, उलट पसरते, तिच्यावर वाळूच टाकायची. मी सगळ्या आळीत सांगत फिरले, की आमची सून समुद्रकाठी राहून घरात वाळू साठवते, उद्या माठात खारं पाणीही भरून ठेवील! बायका पोट धरून हसल्या. तू पण हसलीस. पौष महिन्यात जवळा भरपूर सुकला होता, ठेवायला भांडं नव्हतं. मी तुला न विचारता डब्यातली वाळू अंगणात ओतली आणि त्यात जवळा भरला. डबा होता तिथेच ठेवला. वरून झाकण लावलं. तुला सांगितलं नाही.

आता चुलीचं सांगते. थोडं तुला माहीत आहे, सगळं नाही. आमच्या घरात, म्हणजे माझ्या सासूच्या सासूपासून, होडी समुद्रावर असली की चूल विझू द्यायची नाही. स्वयंपाक झाला की निखारे राखेखाली झाकायचे, सकाळी उकरून फुंकायचे, होडी परत लागेपर्यंत तोच विस्तव. मध्येच विझला आणि काडेपेटीने नवा पेटवला तर तो मोजायचा नाही. माणूस ज्या विस्तवाचं खाऊन घरातून निघाला, तोच तो आल्यावर जिवंत दिसला पाहिजे. दुसऱ्यांच्या घरी असं आहे की नाही, मी कधी विचारलं नाही. तू आलीस तेव्हा तुला एवढंच सांगितलं की आमच्यात चूल झाकतात, विझवत नाहीत. तू बरं म्हणालीस. का, ते तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही.

तो माघातला दिवस आठव. चंदर दोन दिवसांपूर्वी समुद्रावर गेला होता आणि भरदुपारी अवेळी पाऊस आला. बाहेर मांडवावर सगळे बोंबील वाळत होते. भिजले असते तर महिन्याची मेहनत कुजली असती. तू भात स्टोव्हवर ठेवला होतास. पळता पळता मला म्हणालीस, आई, मी बोंबील काढते, भात झालाच आहे, तेवढी चावी सैल करून स्टोव्ह बंद करा. हे तू म्हणालीस. स्पष्ट म्हणालीस. मी हो म्हणाले.

आत आले तर चुलीवरच्या कौलातून धार लागलेली. राख भिजून चिखल झाला होता. मी बोटं घालून उकरलं, एक निखारा जिवंत नाही. घरात विस्तव म्हणून उरला होता तो फक्त स्टोव्हचा, चुलीतल्याच निखाऱ्यावर तू त्याचा काकडा पेटवला होतास, म्हणजे विस्तव घरचाच. आणि तो बसत चालला होता, पिवळा पडला होता, टाकीतलं घासलेट संपत आलं होतं. तेव्हा त्याच्यावर एखादी चिंधी धरून कंदील लावून घेतला असता तरी विस्तव वाचला असता. आता सुचतंय. तेव्हा माझी अक्कल चंदरच्या होडीत बसून समुद्रावर गेली होती. मी बाटली घेतली आणि पेटत्या स्टोव्हचं झाकण उघडलं.

झाकण उघडलं की हवा जाते आणि ज्योत आपोआप बसते, हे तू मला शंभरदा सांगितलं होतंस. म्हणजे जो विस्तव जगवायला गेले तो मीच मारायला निघाले होते. फुस्स करून घासलेटचा फवारा उडाला आणि डोळ्यांसमोर सगळं एकदम पेटलं. बाटली हातातून पडली. आग जमिनीवरून धावली ती थेट जाळ्याकडे. मी काय केलं? माठ उचलला आणि पाणी ओतलं. आग पाण्यावर बसून माझ्या पायांकडे यायला लागली. मी ओरडले तेव्हा तू दारातून आत आलीस. आधी माझा अंबाडा धरून मला ओढून ओट्यावर फेकलंस. मग वळलीस, डबा उचललास, झाकण काढलंस आणि आगीवर पालथा केलास. जवळा! सगळा जवळा आगीत. एक क्षणभर तू त्या डब्याकडे बघितलंस, ते तोंड मी मरेपर्यंत विसरणार नाही. मग बाहेर धावलीस, अंगणातली ओली वाळू पदरात भरून आणलीस, परत गेलीस, परत आणलीस. जाळ्याचा पेटलेला भाग तू हाताने ओढून काढलास, आणि ते वितळलेलं नायलॉन तुझ्या हाताला चिकटलं.

आळी जमली. कुणीतरी विचारलं, काय झालं गो विठाबाई? आणि माझ्या तोंडातून निघालं, ही स्टोव्ह पेटता ठेवून बाहेर गेली. म्हटलं तर ते खरंच होतं, तू पेटता ठेवून गेलीच होतीस. त्याच्या पुढचं मी गिळलं. तू पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून बसली होतीस. मान वर करून माझ्याकडे नुसतं बघितलंस. दुसरी कुणी असती तर माझ्या झिंज्या उपटल्या असत्या. चंदर आला, त्यानेही मी सांगितलं तेच ऐकलं. काळवंडलेला स्टोव्ह उचलून त्याने होडीच्या शेडमागे फेकला आणि दवाखान्यात तुझ्याजवळ येऊन बसला. तुला त्याने काही विचारलं नाही, तू काही सांगितलं नाहीस. तू का गप्प राहिलीस, मला माहीत नाही. कदाचित तुला वाटलं असेल म्हातारी स्वतःच सांगेल. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही बाय, मी पंधरा दिवस सांगितलं नाही.

आता जे तुझ्या नवऱ्यालाही परवापर्यंत माहीत नव्हतं ते लिहिते. तुझे सासरे, चंदरचे बाप, गेले तेव्हा चंदर चार वर्षांचा होता. त्यांची होडी समुद्रावर असताना मी एका सकाळी चिंचणीला मासळी घेऊन गेले होते. माहेर तिथलंच, आईशी बोलत बसले, उशीर झाला. परत आले तर चूल थंड. सासू देवळात गेलेली. मी कुणाला कळू न देता नवशीच्या घरी गेले, तिच्या चुलीतले दोन निखारे करवंटीत घालून आणले आणि आमच्या राखेत ठेवले. तिसऱ्या दिवशी वादळ झालं. होडी आली नाही. सासूने मला एकच विचारलं, चूल विझली नव्हती ना? मी म्हणाले, नाही. ती मेली तरी मी तिला खरं सांगितलं नाही. अठरा वर्षं मी मनात धरून बसले होते की नवऱ्याला मीच बुडवलं. म्हणून चंदर समुद्रावर जायला लागला तशी मी चुलीपाशी कोंबडीसारखी बसायला लागले. तुला वाटायचं सासूला चुलीचं फार प्रेम आहे.

तू गेल्यावर एका सकाळी नवशी आली. करवंटी घेऊन. तिची चूल विझली होती, निखारा मागायला आली होती. चंदर समुद्रावर होता, मी म्हणाले, देणार नाही, होडी बाहेर आहे. नवशी ओट्यावर बसली आणि मला म्हणाली, विठा, तू नेले होतेस तेव्हा मी नाही म्हणाले होते का? मला वाटायचं ती विसरली. ती म्हणाली, मी कशी विसरेन, त्याच वादळात माझा दीर जिव्या गेला. आणि माझी चूल तर विझली नव्हती, तुझ्याकडे जे निखारे आले ते माझ्याच चुलीतले जिवंत निखारे होते. मग माझा दीर का नाही आला? तेव्हा वादळाने काय घरोघर चुली तपासल्या होत्या का?

देवकी, मी अठरा वर्षांत हा विचार एकदाही केला नव्हता. एवढी तोंडाळ मी, सगळ्या बाजाराला हिशेब शिकवणारी, आणि एवढी साधी गोष्ट मला दिसली नाही. मी तिथेच पदर तोंडाला लावून रडले. नवशीही रडली, मग म्हणाली, आता तरी निखारा दे, मुलं उपाशी आहेत. मी तिला करवंटी भरून दिले. हसू नाही येणार तर काय.

त्यानंतर चंदर पुन्हा समुद्रावर गेला त्या दिवशी मी स्वयंपाक केला, जेवले, आणि तांब्याभर पाणी घेऊन चुलीत ओतलं. मुद्दाम. तीन दिवस मी रोज काडेपेटीने नवी चूल पेटवली आणि रोज विझवली, आणि दर घटकेला दारात जाऊन समुद्राकडे बघितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी शीड दिसलं. नवशीने मला हाताला धरून बंदरावर नेलं. चंदर गुडघाभर पाण्यात उतरला, माझं तोंड बघून घाबरला, कोण गेलं म्हणून विचारायला लागला. मी म्हणाले, कुणी नाही रे, सगळे आहेत.

आणि तिथेच, बायका टोपल्या घेऊन जमल्या होत्या, पापलेटांचा भाव चालला होता, तिथेच मी ओरडून सांगितलं. की स्टोव्हचा भडका देवकीमुळे नाही, माझ्यामुळे उडाला. पेटत्यात घासलेट मी ओतलं. तिने बंद करायला सांगितलं होतं, मी केला नाही. डब्यातली वाळू मी काढली. तिने मला ओढून काढलं नसतं तर एव्हाना तुम्ही माझं तेरावं जेवून मोकळे झाला असता. क्षणभर भावसुद्धा थांबला. मग आळीतली ती काळी, जिची जीभ माझ्याहून लांब आहे, म्हणाली, विठाबाई, मग आता डबा भरला का? सगळ्या हसल्या, आणि मीही हसले. चंदर हसला नाही. तो तसाच भिजलेला उभा राहिला. घरी आल्यावर मी त्याला त्याच्या बापाचंही सांगितलं. त्याने माझा हात धरला. मग म्हणाला, आई, तू मला आधी सांगितलं असतंस तर मी देवकीला जाऊ दिलं नसतं. एवढंच बोलला. पण त्याचं एवढंच म्हणजे दुसऱ्याचं किती असतं ते तुला माहीत आहे. त्या रात्री मला जशी झोप लागली तशी लग्नानंतर कधी लागली नव्हती. उन्हं वर आली तरी उठले नाही, नवशी मेले की काय म्हणून बघायला आली.

स्टोव्ह चंदरने डहाणूला नेऊन दुरुस्त करून आणलाय. नवा वाशर, नवी पिन. मी चिंचेने घासून लख्ख केलाय, पण पेटवला नाही, तो तू आल्यावर. जाळं शेडमध्ये गेलं. घासलेटची बाटली मागच्या पडवीत, दार लावून. कौलं बदलली.

आता हे सगळं कागदावर का लिहिलं ते सांगते. तुझ्या वडिलांनी मागितलं ते मी तोंडाने फेडलं, चंदर साक्ष आहे, नवशी साक्ष आहे. तेवढ्याने तू आली असतीस, तुझा स्वभाव मला कळतो. पण माझं तोंड मलाही कळतं. एकदा मी सासूला खोटं सांगितलं, एकदा तुझ्याबद्दल सांगितलं. उद्या आणखी म्हातारी होईन, कुरकुरी होईन, आळीत बसून पुन्हा म्हणेन की आमच्या सुनेने एकदा घर पेटवलं होतं. म्हाताऱ्या बायका तसं करतात, माझी सासूही करायची. तेव्हा हा कागद तुझ्याकडे असू दे. ट्रंकेत, लग्नाच्या लुगड्याखाली ठेव, आणि मी तसं एक अक्षर जरी बोलले तर सगळ्यांसमोर काढून मलाच मोठ्याने वाचायला लाव. तूच वाचायला शिकवलंस, आता नाही येत म्हणायची सोय नाही. चल, आता चंदरशी बोल. आणि डब्यात वाळू भरलीय गो, काठोकाठ, चाळून. जवळा दुसरीकडे ठेवलाय.

तुझीच, जिला तू अंबाडा धरून ओढलंस ती,
विठा